आंधळ्या पोपटाचा काठ

सावली, १० जानेवारी १९५८

गुणवंतराव भाऊजींना वहिनीचे आशीर्वाद, आणि संक्रांतीचा तिळगूळ आगाऊच.

बातमी गोड आहे. आपल्या शकूचं जमलं. चिमूरची माणसं परवा येऊन कुंकू लावून गेली. मुलगा मास्तर आहे, बोलतो कमी, पण पोहे दोनदा मागून घेतले. म्हणजे माणूस सरळ असावा. लग्न वैशाखात. तुमची एकुलती एक बहीण, तेव्हा पंधरा दिवस आधी येऊन मांडव बांधायचा आहे. छापखान्याचं निमित्त चालणार नाही.

आता घोटाळा सांगते. तुमच्या दादांनी मोठ्या हौसेनं बापूजींनी विणलेलं कोशाचं रेशमी कापड काढून मुलाच्या आईपुढे पसरलं. शकूचं लुगडं ह्याच काठाचं निघणार म्हणाले. काठ तुम्हाला ठाऊकच आहे. वर करवतीचे दाते, खाली समोरासमोर तोंड केलेले पोपट, जोडीतल्या एकाला डोळा आणि दुसऱ्याला नाही. आपल्याला इतक्या वर्षांत त्याचं काही वाटलं नाही. पण आशाबाईंनी, म्हणजे मुलाच्या आईनं, चष्मा लावला आणि विचारलं, "हे काय वो? आंधळा कोण, माहा पोरगा का तुमची पोरगी?"

सगळे हसले, त्या हसल्या नाहीत. "लग्नाच्या लुगड्यावर आंधळा पोपट मले चालणार नाई. डोळा घाला, नाई तं काठ बदला," असं सांगून पान खाऊन गेल्या.

शकूनं त्या रात्री जेवण टाकलं. काठ बदलायचा नाही म्हणते. बापूजी असते तर त्यांनीच लेकीचं लुगडं विणलं असतं. ते नाहीत, तर निदान त्यांचा काठ तरी अंगावर असावा, एवढंच मागते. दादांचंही तेच मत. पण डोळा घालायला दादांचा हात होत नाही. बापूजी गेल्यापासून मागावरच्या त्यांच्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांना हात लावायचा तर हे आधी हात धुतात. मी म्हटलं, भाऊजींना विचारू, त्यांचा हात बारीक आहे. तर म्हणाले, "गुणवंताले अजिबात नको. त्यानं लग्नपत्रिका हाती घेतली तरी चार चुका काढते. एक काम सांगितलं तं दहा करंन."

तरी मी पाठवते आहे. दादा सूत घ्यायला नागपूरला गेलेत, पंधरा-वीस दिवस लागतील. पत्त्यांची जुडी चांद्याच्या मोटारीवर असतो त्या बिरजूजवळ दिली आहे. तुम्ही लहानपणीच चांद्याला मामांकडे शिकायला गेलात, मागावर बसला नाहीत, म्हणून सांगते. एक पत्ता म्हणजे धोट्याची एक फेक. पत्त्यावर जिथे भोक आहे तिथला रंगाचा धागा वर उठतो, जिथे नाही तिथला खाली राहतो. बस, एवढंच. त्यात वाचण्यासारखं काही नाही. लाल दोरा बांधलेल्या पत्त्यावर मी पेन्सिलीनं ठिपका दिला आहे, तिथे एक भोक पाडा. एकच. बापूजींच्या ह्या काठाची ही एकच जुडी आहे, दुसरी नाही.

दादा यायच्या आत परत पाठवा. त्यांना ह्यातलं काही माहीत नाही.

तुमची वहिनी,
भागीरथा


चांदा, २० जानेवारी १९५८

तीर्थस्वरूप वहिनींना गुणवंताचा नमस्कार.

शकूचं जमलं हे वाचून छापखान्यात सगळ्यांना पेढे वाटले. मालकांनीही एक घेतला आणि पगारातून कापणार नाही म्हणाले, म्हणजे त्यांनाही आनंद झाला आहे.

वहिनी, तुम्ही मला एक भोक पाडायला सांगितलं. सोनाराकडे जाऊन खिळा ठोकून मागण्यासारखं झालं हे. जुडी उघडली तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. काही पत्त्यांचे कोपरे उंदरांनी चाखलेले, तेलाचे डाग, कडा वाकड्या. मी बारा वर्षं छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवतो आहे. असली प्रत माझ्या हातून पुढे गेली तर रात्री झोप लागणार नाही. तेव्हा मी काय केलं ऐका. आमच्याकडे वह्यांच्या पुठ्ठ्याची चांगली जाड कात्रणं पडलेली असतात. त्यातून सगळे पत्ते एका मापाचे कापले आणि पूर्ण जुडी नव्यानं पाडली. एकेक भोक बघून, चिमट्यात कागद धरून. तीन रविवार घालवणार होतो, एका आठवड्यात उरकलं.

नक्कल करताना बारीकसारीक शुद्धीही केली. मधे मधे काही पत्ते अगदी कोरे होते. बापूजींच्या हातून चुकून ओवले गेले असणार, ते गाळले. प्रत्येक पत्त्याच्या दोन्ही टोकांना मोठी भोकं होती, पत्ते भिंतीवर टांगायला खिळे मारले असतील. तीही घेतली नाहीत. आणि भोकांमधली जागा कुठे दाट, कुठे विरळ होती. ओळीत अशी जागा राहिली तर आमचे मालक खिळ्यांची पेटी डोक्यात घालतील. ती सगळी सारखी करून टाकली.

डोळा घातला आहे हे सांगायला नको. आता पोपट असा बघेल की आशाबाई स्वतःचा चष्मा काढून ठेवतील. नवी जुडी बिरजूबरोबर पाठवतो. जुनीची आता गरज नाही.

दादा विचारतील तर म्हणा, बापूजींनी स्वप्नात येऊन करून दिली.

आपला,
गुणवंता


सावली, २५ जानेवारी १९५८

भाऊजी,

आधी बसून घ्या.

तुमचे पत्ते लावले. कोशाच्या उभ्या ताण्यावर नाही, सुताच्या चिंधीसारख्या ताण्यावर. तेवढी अक्कल देवानं मला दिली म्हणून वाचले. टोकाची ती मोठी भोकं खिळ्यांची नव्हती. मागावरच्या यंत्राच्या खुंट्या त्यात बसतात आणि पत्ता जागच्या जागी धरतात. ती नाहीत म्हणून तुमचा सुबक पत्ता घसरत राहिला. मी हातानं धरून ठेवला. मग धागे उठले, पण भलतेच. दाट-विरळ म्हणजे बापूजींचा गबाळेपणा नव्हता. अमुक भोक अमुक धाग्याचं, ते एक बोट सरकलं की शेजाऱ्याचा धागा उठतो. आणि कोरा पत्ता म्हणजे त्या फेकीला काही उठवायचं नाही. दोन पोपटांच्या मधली मोकळी जागा त्यानंच होते. तुम्ही कोरे पत्ते गाळले तेव्हा पोपट एकमेकांच्या अंगावर चढले.

काय निघालं सांगू? झिंगू शेजारीण बघायला आली. तिला वाटलं मी वांग्याचा काठ घालते आहे. चोच दुसऱ्याच्या शेपटीत आहे. पंख नाहीत, जिना आहे. डोळा मात्र खरंच आला आहे, शेपटीच्या खाली, आणि तिथून अगदी टक लावून बघतो.

हसून पोट दुखलं, मग एकदम भीती वाटली. दादा शुक्रवारी येतील. मी पाठवतानाच नीट समजावून सांगायला हवं होतं, तो माझा दोष. पण आता एक करा. जुनी जुडी जशी असेल तशी उद्याच्या मोटारीनं पाठवा. तेलाच्या डागांसकट. उंदरांनी खाल्लेल्या कोपऱ्यांसकट. डोळ्याचं आम्ही बघू.

वाट बघते.

भागीरथा


चांदा, २९ जानेवारी १९५८

तीर्थस्वरूप वहिनींना नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. वांगं वाचून खूप हसलो. यंदा चांद्याला थंडी बरी आहे. जटपुरा दरवाज्यापाशी एक नवा हॉटेलवाला आला आहे, त्याची भजी दादांना फार आवडतील. बल्लारपूरच्या वाटेवर बैलगाडीवाल्यांनी वाघ बघितला म्हणतात, पण ते दर महिन्याला बघतात. आमच्या मालकांना नातू झाला. बारशाच्या पत्रिका मीच जुळवल्या, एकही चूक नाही. शकूसाठी बिरजूबरोबर बोरं पाठवली आहेत, त्यातली वरची पिकली आहेत, खालची दोन दिवसांनी खावी.

तुमची तब्येत कशी आहे? खोकला होता ना मागे? अडुळसा घ्या.

जुन्या जुडीचं म्हणाल तर बघतो आहे. इकडे सामान फार आहे.

आपला,
गुणवंता


सावली, १ फेब्रुवारी १९५८

भाऊजी,

खोकला मला नव्हता, गाईला होता.

बोरं मिळाली. दादा काल आले. मागाच्या वर रिकामी जागा बघून विचारलं, "पत्ते कुठी ठेवले?" मी म्हटलं, ऊन दाखवायला काढलेत. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याशी खोटं बोलले आणि ते तुमच्यामुळे.

पत्ते कुठे आहेत?

भागीरथा


चांदा, ३ फेब्रुवारी १९५८

वहिनी,

हे पत्र चार वेळा लिहून फाडलं. पाचवं पाठवतो.

पत्ते नाहीत. आमच्या छापखान्यात एक वहिवाट आहे. शुद्ध प्रत तयार झाली की जुनी कच्ची प्रत ठेवायची नाही. दोन्ही टेबलावर राहिल्या तर कुणीतरी चुकीच्या प्रतीवरून छापतो आणि मग सगळ्यांच्या पगाराला कात्री. म्हणून नवी हातात आली की जुनी बंबात. बारा वर्षांची सवय आहे, हात आपोआप चालतो. नवी जुडी बांधली, जुनी उचलली, बंबात घातली. वाळलेला पुठ्ठा होता, छान पेटला. पाणी कढत झालं. मी गाणं म्हणत अंघोळ केली.

वहिनी, बापूजींच्या त्या काठाची एकच जुडी राहिली होती आणि तिच्यावर मी अंघोळ केली. तुमचं वांग्याचं पत्र आलं त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचत नाही. खिळे जुळवताना दोनदा "पोपट" असा शब्द भलत्याच जागी पडला. मालकांनी विचारलं, बरं नाही का. नाही म्हटलं.

शकूला काय तोंड दाखवू? ती लहान असताना बापूजी मागावर बसले की ही खाली बसून पोपट मोजायची, आणि मी सुट्टीत आलो की मला मोजायला लावायची. तिनं दुसरं काही मागितलं नाही, दागिना नाही, भांडं नाही. तेवढं एकच मागितलं.

दादांना सगळं सांगा. तुमच्यावर काही येऊ देऊ नका, मी मागून घेतली होती म्हणा. लग्नाला मी येत नाही. मांडवात कुणाच्या डोळ्याला डोळा देता येणार नाही. आहेराची साडी बिरजूबरोबर पाठवीन.

तुमचा अपराधी,
गुणवंता


सावली, ७ फेब्रुवारी १९५८

भाऊजींना आशीर्वाद.

साडी तुमच्या मालकांच्या सुनेला द्या. लग्नाला यायचं आहे.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी दादांना सगळं सांगितलं. तुम्ही मागून घेतली वगैरे नाही. मी पाठवली, मी लपवलं, आणि भाऊजींनी जाळली, असं सरळ. ताटावर नव्हतं सांगायचं, पण मला धीर निघाला नाही. त्यांच्या हातातला घास हातातच राहिला. शकू दारात उभी होती, तिनंही ऐकलं आणि आत निघून गेली.  मला वाटलं, दादा आता ताट भिरकावतात. मग त्यांनी विचारलं, "पाणी गरम तं झालं होतं ना?"

मी म्हटलं, "कढत झालं होतं म्हणे."

"बरं झालं," म्हणाले. "बापूजीले नेहमी वाटे, हे पोरगं गार पाण्यानं आंघोळ करते, आजारी पडंन." आणि मग हसायला लागले. हसता हसता डोळे पुसायला लागले. मीही रडले. ताटातलं वरण गार झालं ते कुणी खाल्लं नाही.

दुसऱ्या दिवशी मात्र खूप चिडले. म्हणजे बरे झाले. मला म्हणाले, "पहिले दुसरी जुडी बनवाची असते, मंग सुधारवाची असते! अन् तेही चिंधीवर पाहून! तुले काऊन नाई समजलं?" मी म्हटलं, तुम्हाला तरी दहा वर्षांत दुसरी बनवायचं समजलं का? मग गप्प बसले. तुमच्या घरात खरं बोललं की माणसं गप्प बसतात, हे मी लग्न झाल्यापासून बघते आहे.

आता कामाचं.  काल संध्याकाळी शकूनं माझी पेटी उघडून माझ्या लग्नाचं लुगडं काढलं आणि दादांच्या पुढ्यात ठेवलं. बापूजींनी त्याच पत्त्यांवर विणलेलं. म्हणाली, "पत्ते जळले, पण त्याहीनं जे केलं ते तं इथी आहे ना?" धागा उठला तिथे भोक, नाही उठला तिथे नाही. कापडावरून उलटं पत्त्यावर जायचं. दादांनी बोटानं चाचपून बघितलं, डोळे बारीक केले आणि म्हणाले, "माह्यानं दिसणार नाई. त्याले बोलवा. म्हणा, भिंग घेऊन ये. कैची आणू नको."

रजा काढा.

तुमची वहिनी,
भागीरथा


चांदा, १ मार्च १९५८

तीर्थस्वरूप वहिनी आणि दादांना नमस्कार, शकूला आशीर्वाद.

सुखरूप पोचलो. बिरजूनं मूल गावापर्यंत मला टपावर बसवलं, कारण आत कोंबड्या होत्या.

अंगणातले ते दिवस अजून डोळ्यांपुढून जात नाहीत. वहिनी, तुमचं लुगडं तुम्ही नेसून जितकं मिरवलं नसेल तितकं आम्ही उन्हात धरलं. पहिल्या दिवशी दादा माझ्याशी बोलले ते फक्त "पुढे" आणि "थांब". मी भिंग लावून वाचत होतो, उठला, नाही, नाही, उठला, उठला, आणि ते ठोकत होते. पत्त्यावरचं उजवं कापडावर डावं उतरतं हे कळल्यावर मात्र ते पहिल्यांदा माझ्याकडे वळून म्हणाले, "आता चुकशील." मी चुकलो नाही. खिळे सगळे उलटेच असतात दादा, बारा वर्षं मी उलटंच वाचतो आहे. तेव्हा ते जे हसले त्यावर मी परत चार वर्षं गार पाण्यानं अंघोळ करायला तयार आहे.

एकदा मात्र माझा हात शिवशिवला. एका पोपटाची शेपटी डावीकडे जरा लांब आहे. मी म्हटलं, एक भोक कमी केलं तर? दादांनी हातोडी खाली ठेवली.  मी ताबडतोब पुढचा धागा वाचला.

कोऱ्या पत्त्याच्या जागा आल्या तेव्हा शकूच मोजून सांगत होती, "आता काई नाई. आता काई नाई. आता चोच." ते ऐकून मला कळलं की लहानपणी ती नुसते पोपट मोजत नव्हती. पोपटांच्या मधली जागाही तिला पाठ होती.

आणि दोन जुड्या केल्या हे फार बरं झालं. एक मागावर, एक वहिनींच्या पेटीत. मी घरी आलो की पेटीला कुलूप घालत जा.

आता राहिला तो एक पत्ता. दोन्ही जुड्यांत लाल दोरा बांधून तो ठोकायचा ठेवला आहे. डोळा घालायचा की नाही हे आपल्या तिघांनाही ठरवता आलं नाही. घातला तर आशाबाई खूश, पण मग तो काठ बापूजींचा राहतो का? नाही घातला तर मांडवात तमाशा. शकू म्हणाली, दादा म्हणतील तसं. दादा म्हणाले, शकू म्हणेल तसं. आणि मला कुणी विचारलं नाही, तेही बरोबरच आहे. मी काय म्हणेन ते सगळ्यांना ठाऊक आहे. आंधळा पोपट म्हणजे माझ्या लेखी छपाईतली चूक, आणि चूक दिसली की ती दुरुस्त करायची, ह्यापलीकडे मला काही येत नाही.

ठरलं की कळवा. ताणा चढवायला आता फार दिवस नाहीत.

आपला,
गुणवंता


सावली, ११ मार्च १९५८

भाऊजींना अनेक आशीर्वाद.

होळीच्या दुसऱ्या दिवशी इसरू आला, मुलचेऱ्याकडच्या रानातला. तुम्ही लहान असल्यापासून कोशे घेऊन येतो तोच. आता केस पांढरे झालेत, पण टोपली तशीच डोक्यावर आणतो. बापूजी गेल्यावर एक वर्ष आला नाही, मग पुन्हा येऊ लागला. ओसरीवर बसून पाणी प्यायला, मागाकडे बघितलं आणि विचारलं, "हा एक पत्ता काऊन सुटला बावा?"

दादांनी सगळं सांगितलं. आशाबाई, डोळा, तुम्ही, बंब. बंबावर इसरू इतका हसला की त्याला ठसका लागला. मग म्हणाला, "तो डोळा कसा राहिला, तुमाले नाई माहीत?"

कुणालाच नव्हतं. भाऊजी, मी त्याचं बोलणं जसंच्या तसं लिहिते, कारण मला त्यात काही घालायचं नाही.

"त्या दिवशी मी कोशाची टोपली घेऊन इथीच बसलो होतो. बापूजी पत्ते ठोकून राह्यले होते. तुमी दोघं पोरं शेजारी धाडले होते. आतून सुईण बोलली, पोरगी झाली. बापूजीनं हातोडी टाकली अन् मले म्हणे, इसरू, बस, तोंड पाहून येतो. लय वेळानं आले. हसून राह्यले होते. पुढचा पत्ता घेतला अन् ठोकू लागले. मंग कापड निघालं तं पोपट आंधळा. मी म्हटलं, बापूजी, डोळा घाला ना. तं म्हणे, राहू दे इसरू. त्या टायमाले माहा डोळा पोरीकडे होता, पोपटाले कुठून देऊ?"

शकू तिथेच उभी होती. तिनं इसरूच्या टोपलीतला एक कोसा उचलला, हातात धरून बसली आणि दादांना म्हणाली, "भोक पाडू नका."

मग आशाबाईंचं काय? दादा दुसऱ्या दिवशी पहाटे उठून चिमूरला गेले. लग्न मोडलं तर मोडलं, असं मनाशी ठरवून गेले. मला बोलले नाहीत, पण जाताना देवापुढे फार वेळ थांबले. मी दिवसभर चुलीशी बसून होते आणि शकू तीनदा रस्त्यापर्यंत जाऊन आली. संध्याकाळी दादा आले ते हसतच. आशाबाईंनी सगळं ऐकून घेतलं म्हणे. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, आणि म्हणाल्या, "मंग राहू द्या. दोघातला एक तरी डोळस आहे ना? संसाराले तेवढं पुरते."

आणि मास्तर, म्हणजे आपले जावई, पहिल्यांदाच आपणहून बोलले. म्हणाले, "आंधळा मी."

शकूला सांगितलं तर लाजून गोठ्यात पळाली. गाईला आता खोकला नाही.

आता दादांचा निरोप. तो लाल दोऱ्याचा पत्ता त्यांनी ठोकला नाही. दोन्ही जुड्यांसाठी कोरे पुठ्ठे आणि त्या ओळीचं कापड बघून लिहून घेतलेलं टिपण बिरजूबरोबर पाठवते आहे. दादा म्हणाले, "त्यानं जाळला, त्यानंच बनवला पाहिजे. आमी नाई बनवत." मी म्हटलं, पुन्हा सुधारला तर? तर म्हणाले, "नाई सुधारणार."

तुमची वहिनी,
भागीरथा


चांदा, १६ मार्च १९५८

तीर्थस्वरूप दादा आणि वहिनींना गुणवंताचा साष्टांग नमस्कार.

दोन्ही पत्ते ह्या पत्रासोबत पाठवत आहे. बिरजूला सांगितलं आहे की हे खिशात ठेव, कोंबड्यांजवळ नको.

इसरूचं बोलणं मी छापखान्याच्या मागच्या खोलीत वाचलं. मला आठवलं, दादा. आपल्याला शेजारी धाडलं होतं आणि तिथे गूळ-शेंगदाणे मिळाले होते. तू म्हणाला होतास, बहीण झाली तर मी तिला माग शिकवीन. मी म्हणालो होतो, मी वाचायला शिकवीन. तू तुझं केलंस. मी चांद्याला निघून आलो. तिच्या जन्माचा दिवस बापूजींनी काठात ठेवला होता आणि मी पंधरा-वीस वर्षं त्याच्याकडे चूक म्हणून बघत होतो.

पत्ता ठोकायला घेतला तेव्हा मालक मागे येऊन उभे राहिले. त्यांचे डोळे माझ्यासारखेच. टिपणावर बोट ठेवून म्हणाले, "अरे, समोरच्याला डोळा आहे आणि ह्याला नाही. राहिलं की इथे." मी म्हटलं, नाही मालक, राहिलेलं नाही. त्यांना पटलं नाही. मी हात आवरला. इतका कधी कुणासाठी आवरला नव्हता. बाजूची सगळी भोकं पाडली, टोकाची खुंट्यांची दोन्ही पाडली, आणि ती एक जागा सोडली.

मग उजेडात धरून टिपणाशी ताडून बघितलं, एकदा सरळ, एकदा उलटं. सगळ्या भोकांतून उजेड आला. त्या एका जागेतून आला नाही. आमच्या इथे तपासलेल्या प्रतीवर सही करतात, म्हणून दोन्ही पत्त्यांच्या मागे मी बारीक अक्षरात सही केली आहे. दादा, ती खोडू नकोस.

ताणा चढवायला घ्या. चिंधीवर आधी बघायला विसरू नका. मी पुढच्या महिन्यात मांडव बांधायला येतो आहे, आणि शकूला सांगा, पोपट मोजायला बसू तेव्हा आंधळा मी मोजीन.

तुमचा,
गुणवंता